आठ फुटांचं अंतर

7 ऑगस्ट 2021, शनिवारची सकाळ. ज्या घरांत गोल्फचं नावही कधी निघत नाही, तिथंही त्या दिवशी टीव्हीवर गोल्फ लागलं होतं. टोकियोजवळच्या कासुमिगासेकी क्लबच्या मैदानावर बंगळुरूची 23 वर्षांची अदिती अशोक ऑलिंपिक पदकाच्या अगदी जवळ येऊन ठेपली होती. शेवटचा होल बाकी होता. चेंडू हिरवळीवर होता, आणि तो त्या एका फटक्यात आत गेला असता तर ती रौप्य-कांस्यपदकासाठीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्याच्या लढतीत, पोचली असती. चेंडू आत गेला नाही. अदिती चौथी आली, एका फटक्याच्या फरकानं. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्यानं सुवर्णपदक आणलं आणि सकाळची हळहळ मागं पडली.

माझ्या मनातून मात्र ती गेली नाही, कारण आमच्या घरात तेव्हा एक प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर कुणालाच देता आलं नव्हतं. क्रिकेटमध्ये चेंडू ताशी 140 किलोमीटरनं अंगावर येतो. फुटबॉलमध्ये समोर गोलरक्षक असतो. इथं चेंडू जागेवर स्थिर, मध्ये आडवं येणारं कुणी नाही, घाई नाही, हिरवळ गालिच्यासारखी कातरलेली. मग चेंडू चुकतो कसा?

## दहा फुटांवरून शंभरातले किती?

आधी शब्द समजून घेऊ. गोल्फच्या प्रत्येक होलच्या शेवटी अगदी बारीक कापलेल्या गवताचा एक पट्टा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. ग्रीनवर चेंडू उडवायचा नसतो, जमिनीलगत घरंगळवायचा असतो. त्यासाठी पटर नावाची सपाट तोंडाची काठी असते आणि त्या फटक्याला पटिंग म्हणतात. ग्रीनमधल्या खळग्यालाही होलच म्हणतात. त्याचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे सीडीपेक्षा किंचित लहान, आमटीच्या मोठ्या वाटीएवढा. हे माप 1891 मध्ये ठरलं आणि आजतागायत बदललेलं नाही. चेंडू लिंबाएवढा, साधारण 43 मिलिमीटर व्यासाचा.

आता एक अंदाज करा. अमेरिकेच्या पीजीए टूरवर खेळणारे, म्हणजे जगातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू, दहा फुटांवरून शंभर वेळा पटिंग करतात. किती चेंडू आत जात असतील? मी ओळखीच्या काही जणांना हे विचारलं, तर बहुतेकांनी सत्तर-ऐंशी सांगितले. खरा आकडा आहे 40.

हे नेमकेपणानं सांगता येतं, कारण पीजीए टूरच्या स्पर्धांमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून उपकरणांनी प्रत्येक फटक्याची जागा मोजून ठेवली जाते. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी या लाखो नोंदी घेऊन अंतरानुसार यशाचं प्रमाण काढलं. तीन फुटांवरून हे खेळाडू शंभरातले 96 चेंडू आत घालतात. चार फुटांवरून 88, पाचवरून 77, सहावरून 66. आठ फुटांवर नाणेफेक सुरू होते: निम्मे आत, निम्मे बाहेर. वीस फुटांवरून 15 आणि तीस फुटांवरून फक्त 7.

तीन फुटांपासून आठ फुटांपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन पावलांत, यश जवळपास खात्रीवरून निम्म्यावर येतं. या उतरंडीमागं काय आहे?

## घड्याळाचा काटा दहा सेकंदांत सरकतो तेवढं

हा प्रयोग घरीच करता येईल. हॉलमध्ये दोन बाय दोनच्या फरश्या असतील तर पाच फरश्या मोजा, झाले दहा फूट. तिथं आमटीची वाटी ठेवा, परत या आणि जमिनीलगत डोळा नेऊन वाटीकडं पाहा. इथून ती किती लहान दिसते ते बघण्यासारखं आहे.

आता कोन मोजू. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात 6 अंश सरकतो, म्हणजे 10 सेकंदांत एक अंश. डोळे रोखून पाहिलं तरी तेवढी हालचाल धड जाणवत नाही. पण पटरचं तोंड तेवढंच वाकडं राहिलं आणि चेंडू एक अंश चुकीच्या दिशेनं निघाला, तर सहा फुटांवर तो 32 मिलिमीटर बाजूला गेलेला असतो, दहा फुटांवर 53 आणि वीस फुटांवर 106 मिलिमीटर. होलच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर 54 मिलिमीटर आहे. म्हणजे दहा फुटांवरून एका अंशाची चूक झाली की चेंडूचा मध्य थेट होलच्या काठावरून जातो.

अँड्र्यू गेलमन आणि डेबोरा नोलन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये याच विचारावर एक साधं गणित मांडलं. खेळाडू प्रत्येक वेळी होलच्या मध्यावरच नेम धरतो, पण हात थोडा इकडं-तिकडं होतो. छोट्या चुका वारंवार होतात, मोठ्या क्वचित. आख्खा चेंडू होलच्या तोंडावरून गेला, तर तो आत पडला असं धरायचं. मग प्रश्न एवढाच उरतो की हाताची चूक साधारण किती अंशांची असते.

ब्रोडींच्या आकड्यांवर मी हे गणित लावून पाहिलं. तीनपैकी दोन फटके एका अंशाच्या आत राहतात असं धरलं, तर तीन फुटांवरून 96 टक्के यश यायला हवं. प्रत्यक्षातही 96 येतं. चार फुटांवर गणित 87 म्हणतं, प्रत्यक्षात 88. पाच फुटांवर 78 आणि 77. सहा फुटांवर 69 आणि 66. इतकं साधं गणित माणसाच्या हाताशी इतकं जुळतं हे पाहून मला मनापासून आनंद झाला. जगातल्या सर्वोत्तम हातांची चूक एक अंश, आणि जवळच्या पटिंगचं सगळं कोडं त्या एका आकड्यात मावतं.

पुढं मात्र हे गणित फसतं. दहा फुटांवर ते 46 टक्के म्हणतं, प्रत्यक्षात 40. वीस फुटांवर 24 म्हणतं, प्रत्यक्षात 15. तीस फुटांवर 16, आणि प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी, 7. अंतर वाढतं तसं दिशेखेरीज आणखी काहीतरी आडवं येतं, ते म्हणजे वेग.

## जोरात मारलं की होल लहान होतो

लहानपणी गोट्या खेळलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. जमिनीत खणलेल्या गलीकडं हळू सोडलेली गोटी कडेला लागली तरी आत घसरते. जोरात मारलेली गोटी गलीच्या बरोबर मधून गेली तरी पलीकडं उडते.

आत पडायला चेंडूला वेळ लागतो. होलच्या अलीकडच्या काठावरून सुटल्यावर तो खाली येऊ लागतो आणि पलीकडच्या भिंतीवर आपटेपर्यंत त्याचा मध्य काठाच्या खाली गेलेला हवा. त्यासाठी त्याला आपल्या अर्ध्या जाडीएवढं, म्हणजे 21 मिलिमीटर खाली यायचं असतं. गुरुत्वाकर्षणाला त्यासाठी सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात चेंडूनं होल ओलांडायचा नाही, ही अट. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे 1.3 मीटर ही कमाल गती येते. त्याहून वेगानं आलेला चेंडू अगदी मधोमध असला तरी बाहेर जाऊ शकतो.

आणि मधोमध नसेल तर? कडेजवळून जाणाऱ्या चेंडूला होलची रुंदी कमी मिळते, त्यामुळं पडायला वेळही कमी मिळतो. म्हणजे वेग वाढेल तसा होलचा उपयोगी भाग आक्रसत जातो. मध्यम वेगाच्या ग्रीनवर हा हिशेब असा येतो: चेंडू होलपाशी जवळजवळ थांबत आला असेल तर त्याला 108 मिलिमीटरचा पूर्ण होल मिळतो. होल नसता तर दीड फूट पुढं जाऊन थांबला असता, अशा वेगाच्या चेंडूला पाऊण होल मिळतो. तीन फूट पुढं गेला असता अशा चेंडूला जेमतेम साठ टक्के.

मग अगदी हळू मारावं, असं वाटेल. पण हळू मारलेला चेंडू होलच्या अलीकडंच थांबण्याची भीती असते, आणि अलीकडं थांबलेला चेंडू कितीही सरळ असला तरी आत जात नाही. खेळाडूला या दोहोंच्या मधली अरुंद वाट पकडायची असते. चेंडू किती लांब जाईल या अंदाजात दहा टक्के चूक होते असं समजा. पाच फुटांवर ती सहा इंचांची असते, कुणाच्या लक्षातही येत नाही. चाळीस फुटांवर तीच चूक चार फुटांची होते.

## ग्रीन किती पळतं आणि किती झुकतं

सगळ्या ग्रीनचा वेग सारखा नसतो. तो मोजायला स्टिंपमीटर नावाचं अगदी साधं साधन वापरतात. एडवर्ड स्टिंपसन या अमेरिकन गोल्फरनं 1935 मध्ये त्याची कल्पना काढली. तीन फूट लांबीची, मध्ये पन्हळ असलेली एक पट्टी. वरच्या टोकाजवळच्या खाचेत चेंडू ठेवायचा आणि ते टोक हळूहळू उचलायचं. पट्टी साधारण 20 अंश कलली की चेंडू आपोआप सुटतो, पन्हळीतून घरंगळत गवतावर येतो आणि पुढं जाऊन थांबतो. किती फूट गेला, तो त्या ग्रीनचा आकडा. पट्टी उचलणारा कुणीही असो, चेंडू त्याच वेगानं सुटतो, हे या साधनाचं सगळं मर्म आहे. रोजच्या क्लबमध्ये आकडा आठ-नऊ असू शकतो, मोठ्या स्पर्धांमध्ये अकरा-बाराच्या वरही जातो.

आता दहा आकड्याचं ग्रीन घ्या आणि त्याला शंभर फुटांना दोन फूट एवढाच उतार द्या. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो. सपाटीवर दहा फूट जाणारा चेंडू या चढावर सुमारे 8 फूट जाईल आणि उतारावर 13 फुटांच्या पुढं. फटका तोच, हात तोच.

उतार आडवा असेल तर प्रश्न आणखी गुंततो. चेंडू वळत जातो, आणि जसजसा मंदावतो तसतसा जास्त वळतो. म्हणजे चेंडू किती वळेल हे तो किती वेगानं मारणार यावर अवलंबून, आणि नेम कुठं धरायचा हे तो किती वळेल यावर. जोरात मारला तर कमी वळतो पण होल लहान होतो, हळू मारला तर होल मोठा मिळतो पण वळण वाढतं. दोन्ही गोष्टी एकदमच ठरवाव्या लागतात. ग्रीनवर खेळाडू होलच्या दोन्ही बाजूंनी फेऱ्या मारतात, उकिडवे बसून पाहतात, काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या सोबत्याशी, म्हणजे कॅडीशी, हळू आवाजात बोलतात. टीव्हीवर कंटाळवाणी वाटणारी ती दोन मिनिटं म्हणजे हाच हिशेब असतो.

## तुम्ही-आम्ही आणि ते

क्लबात हौसेनं खेळणाऱ्यांचं काय? अठरा होल 90 फटक्यांत पूर्ण करणारा खेळाडू घेऊ. बहुतेक मैदानांवर अठरा होलसाठी अपेक्षित फटके, म्हणजे पार, 72 असतात. तेव्हा 90 फटक्यांचा खेळाडू नवखा नव्हे, बऱ्यापैकी हौशी.

चौकट: शंभरातले सुमारे किती चेंडू आत जातात?

| अंतर | पीजीए टूरचे व्यावसायिक | 90 फटक्यांचे हौशी |
|---|---|---|
| 3 फूट | 96 | 84 |
| 5 फूट | 77 | 50 |
| 8 फूट | 50 | 27 |
| 10 फूट | 40 | 20 |
| 20 फूट | 15 | 6 |
| 30 फूट | 7 | 2 |

हा तक्ता उभा वाचण्यापेक्षा आडवा वाचावा. तीन फुटांवर दोघांत बारा चेंडूंचा फरक आहे, तीस फुटांवर पाचाचा. सर्वात मोठी दरी पाच फुटांच्या आसपास आहे: 27 चेंडूंची. तीन फूट दोघांनाही सोपं, तीस फूट दोघांनाही अवघड, आणि कसब दिसतं ते मधल्या पट्ट्यात. हौशी खेळाडूची नाणेफेक आठऐवजी पाच फुटांवरच सुरू होते. कोनाच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या हाताची चूक एकाऐवजी साधारण दीड ते पावणेदोन अंश आहे. घड्याळाचा काटा आणखी पाच-सात सेकंद सरकला, एवढंच अंतर आहे दोघांत.

लांबच्या अंतरावर दोघंही बहुतेक वेळा चुकतात, मग तिथं कसबाला किंमत नाही का? आहे, आणि भरपूर आहे. फक्त ती पहिल्या फटक्यात दिसत नाही. पाहावं लागतं ते चुकलेला चेंडू कुठं थांबला. व्यावसायिकाला एकूण सरासरी दोन फटके लागू लागतात ते 33 फुटांवरून. हौशी खेळाडूला 19 फुटांवरूनच. व्यावसायिकाचा चुकलेला चेंडू होलपासून दोन-तीन फुटांवर थांबतो आणि पुढचा फटका औपचारिक ठरतो. हौशी खेळाडूचा चेंडू अनेकदा पाच-सहा फुटांवर थांबतो, आणि तिथून त्याची नाणेफेक. क्लबात लोक पाच फुटांचा सराव करताना दिसतात, चाळीस फुटांवरून वेगाचा सराव करणारे कमी. माझ्या मते हौशी खेळाडूला पटिंगमध्ये स्वस्तात फटके वाचवायचे असतील तर ते इथं वाचतील.

व्यावसायिकांनाही हा धडा महागात पडलेला आहे. 2015 च्या यूएस ओपनमध्ये, चेंबर्स बे मैदानावर, शेवटच्या होलला डस्टिन जॉन्सनचा चेंडू सुमारे 12 फुटांवर होता. आत गेला तर विजेतेपद. तो चुकला आणि चारेक फूट पुढं गेला. परतीचा फटकाही चुकला, आणि जॉर्डन स्पीथ एका फटक्यानं जिंकला. चार फुटांवरून 88 टक्के हा आकडा आपण वर पाहिलाच आहे. उरलेले 12 त्या संध्याकाळी जॉन्सनच्या वाट्याला आले.

## तोच चेंडू, तेच अंतर, वेगळं मन

आतापर्यंत आपण हात, गवत आणि गुरुत्वाकर्षण पाहिलं. 2011 मध्ये डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइत्झर या दोन संशोधकांनी पीजीए टूरच्या 25 लाखांहून अधिक पटिंगच्या नोंदी तपासून आणखी एक गोष्ट दाखवली. गोल्फमध्ये पारपेक्षा एक फटका कमी लागला तर त्याला बर्डी म्हणतात. अंतिम गुणसंख्येत फटका हा फटकाच, तो पार वाचवण्यासाठी असो की बर्डी मिळवण्यासाठी. तरीही सारख्याच अंतरावरून खेळाडू पारसाठीचे चेंडू बर्डीच्या चेंडूंपेक्षा जास्त वेळा आत घालतात. फरक सुमारे दोन टक्क्यांचा आहे.

बर्डीच्या वेळी खेळाडू थोडा जपून मारतो आणि चेंडू अलीकडं राहण्याचं प्रमाण वाढतं, असं त्यांना आढळलं. हातातलं जाऊ नये यासाठी माणूस जितका जीव लावतो, तितका नवं मिळवण्यासाठी लावत नाही. बाजारात दहा रुपये हरवले तर दिवसभर चुटपुट लागते, दहा सापडले तर तासाभरात विसर पडतो. ही ओढ लाखो डॉलर मिळवणाऱ्या, वर्षानुवर्षं रोज सराव करणाऱ्या माणसांच्या मनगटातही उतरते.

आणि अगदी एका फुटाचं अंतरही मनाच्या चलबिचलीपासून सुरक्षित नसतं. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्राफ्ट नॅबिस्को स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या आय. के. किमला शेवटच्या होलवर जवळपास फूटभर अंतरावरून चेंडू घालायचा होता. आत गेला असता तर मोठी स्पर्धा तिच्या नावावर होती. चेंडू काठावरून फिरून बाहेर आला आणि प्लेऑफमध्ये ती हरली. किमनं पुढं 2017 मध्ये महिला ब्रिटिश ओपन जिंकलं.

## पुन्हा त्या सकाळकडं

टोकियोत भारतातून पुण्याचा उदयन मानेही पुरुषांच्या गटात खेळला होता. पण देशाला गोल्फ बघायला लावलं ते अदितीनं. स्पर्धेच्या काही आठवडे आधी तिला कोविड झाला होता, फटक्याची लांबी कमी झाली होती. प्रतिस्पर्धी खेळाडू पहिल्या फटक्यात तिच्या बऱ्याच पुढं जात, आणि तिला ग्रीनवर यायला दुरून, लांब काठीनं मारावं लागे. दुरून मारलेला चेंडू होलजवळ थांबवणं अवघड असतं. म्हणजे इतरांपेक्षा तिच्या वाट्याला पटिंगची अंतरंही कठीण येणार. तरीही ती चार दिवस पदकाच्या शर्यतीत टिकली. तिचे चार दिवसांचे आकडे 67, 66, 68, 68, पारपेक्षा एकूण 15 कमी. सुवर्ण जिंकणारी नेली कोर्डा पारपेक्षा 17 कमी होती, मोने इनामी आणि लिडिया को 16 कमी. त्या मैदानावर साठ जणींमध्ये अदितीचं पटिंग सर्वात चांगल्यांत गणलं गेलं.

शेवटचा चेंडू चुकला तेव्हा आम्ही घरात सगळे एकदम ओरडलो होतो. आज तेच चित्रण पुन्हा पाहताना मी चेंडूकडं कमी आणि तिच्याकडं जास्त पाहतो. ती होलमागं जाऊन येते, चेंडूमागं बसते, उतार पाहते, पटरचं तोंड जमिनीलगत टेकवते. गवताचा वेग, वळण, होलपाशी किती जीव उरला पाहिजे, हे सगळं तिनं ठरवलेलं असतं. मग खांदे हलतात आणि चेंडू निघतो.